बेवारस तडा

लेकीचं रडणं थांबलं आणि तेव्हा कुठे सांधणारीचं आपल्या मांडीकडे लक्ष गेलं. मांडीवर मडकं नव्हतं.

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. मोडलेलं हाड असो नाहीतर फुटलेली बशी, सांधायला बसायचं तर आधी मांडीवर कोरं मडकं घ्यायचं. एक हात त्यावर, दुसरा मोडल्या जागी, आणि तड्याला सांगायचं, इथे ये. तडा कधी नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. मडकं फुटतं, माणूस हसत घरी जातो. गल्लीतल्या निम्म्या लोकांची हाडं तिनं अशी सांधली होती आणि एकदाही चुकली नव्हती. पण आज पोटची पोर माळ्याच्या शिडीवरून पडली, मनगट वेडंवाकडं लोंबायला लागलं, आणि हिनं ते दोन्ही हातांनी धरून नुसतं म्हटलं, "जा!" कुठे जा, ते सांगितलंच नाही.

"कुणी हलू नका," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. सुनेच्या आधी या घरातलं सांधण्याचं काम त्याच करत, त्यामुळे त्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. त्यांनी हळूच पाय वर घेतले.

"मडकं घेतलं नाहीस?"

"नाही."

"अगं, काय केलंस हे!"

जागा न सांगितलेला तडा जवळ जे सापडेल त्यात शिरतो आणि गुपचूप बसून राहतो. भार पडला की मगच कळतं. खुर्चीच्या पायात शिरला तर हसण्यावारी नेता येतं. छताच्या तुळईत शिरला तर? कुणाच्या मानेत शिरला तर?

ओळखायचा एकच उपाय होता. तडा असलेली वस्तू बद्द वाजते. सांधणारी बोटाच्या पेरानं एकेक वस्तू वाजवत निघाली. खुर्ची, फळी, बरण्या, खिडकीची काच. काठीच्या टोकानं तुळई. मग दार, आतूनही आणि कडीपाशीही. सगळं खणखणीत. प्रत्येक वस्तूपाशी तिचा श्वास अडकत होता, आणि वस्तू वाजली की सुटायच्या आधीच पुढच्या वस्तूपाशी पुन्हा अडकत होता.

मग माणसं. लेकीच्या नडग्या, पाठ, कपाळ. पोरीला गंमत वाटत होती. सासूबाईंच्या डोक्यावर टिचकी मारायच्या आधी मात्र सुनेनं दोनदा बोट मागे घेतलं.

"मार, मार. आमचं डोकं रिकामंच आहे, वाजेल चांगलं," सासूबाई म्हणाल्या. पण डोळे त्यांनी गच्च मिटून घेतले होते.

वाजलं. शेवटी सासूबाईंनी सुनेलाही डोक्यापासून पायापर्यंत वाजवून पाहिलं.

"नाहीच सापडला तर त्याला परत बोलावता येईल ना, आई?"

"येईल, पण असा सुटलेला तडा मग मडक्यात जात नाही, तो मूळ जागीच येतो. आणि परत बोलावलेला तडा पुन्हा काढता येत नाही. पोरीचा हात जन्माचा लुळा पडेल."

"मग नकोच. नावसुद्धा काढू नका त्याचं."

"अगं, घरात कुठे असता तर वाजला असता. गेला असेल खिडकीतून एखाद्या दगडाधोंड्यात. बस आता."

सांधणारीचा जीव भांड्यात पडला. ती भुईवर बसली. तिला एकदम हसू फुटलं, सासूबाईही हसल्या, आणि काही न कळता पोरही हसायला लागली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

बद्द.

हसणं जागच्या जागी थिजलं. दार तिनं आत्ताच वाजवून पाहिलं होतं. दारात काही खोट नव्हती. खोट असलीच तर थाप मारणाऱ्यात होती.

"अगं, उघड की!" बाहेरून शेजारच्या काकूंचा आवाज आला. "मघाशी पोरीचं रडणं ऐकून धावत आले होते. इथे दाराशीच उभी होते. मग एकदम थांबलं, म्हटलं मिटलं असेल, म्हणून परत गेले. काय झालं होतं?" आणि पुन्हा थाप. बद्द.

सांधणारी उठायला लागली तसा सासूबाईंनी तिचा दंड धरला.

"उघडू नकोस," त्या कुजबुजल्या. "तिला काही माहीत नाही. उद्या-परवा कुठे पडली तर लोक म्हणतील, वय झालं होतं."

"आई, काय बोलताय!"

"मग काय, पोरीचा उजवा हात देतेस? उभा जन्म जायचाय तिचा." सासूबाईंचे डोळे भरून आले. "मला का ती नकोशी आहे? पण नात माझी आहे."

सांधणारीनं दाराकडे पाहिलं. दार न उघडणं किती सोपं होतं! नुसतं गप्प बसायचं.

"झोपली वाटतं पोर," काकू बाहेर स्वतःशीच बोलत होत्या. "बरं बाई, मी पाणी घेऊन येते. ही घागर एकदा डोक्यावर चढवली, की..."

"काकू!" सांधणारी किंचाळली. "आहात तिथेच उभ्या राहा! डोक्यावर काही घेऊ नका!"

"अगंबाई, का गं?"

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सांधणारीनं लेकीला मांडीवर ओढलं. आईला कौतुकानं बघायचंय असं वाटून पोरीनं आपण होऊन हात पुढे केला, मनगट गोल फिरवून दाखवलं.

"बघ, आता मुळीच दुखत नाही."

आईनं ते मनगट दोन्ही हातांत धरलं.

"दात आवळ, बाळा," ती म्हणाली.