दोन रेडिओ

रेडिओ म्हणजे मानवाच्या प्रगतीचं सर्वोच्च शिखर. आमच्या धाड गावात हे शिखर शेषरावच्या घरात कोनाड्यात होतं आणि त्यावर त्याची आई रुखमाबाई लोणच्याची बरणी ठेवायची.

यंदा शेषरावने नवा ट्रान्झिस्टर आणला आणि वडिलांचा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ बुलढाण्याच्या दुकानदाराला देऊन टाकायचं ठरवलं. रुखमाबाई अडून बसली.

"त्याच्यात तुहे आबा खोकलतात. मी नाही देऊ देत."

कानांनी अधू झालेल्या आबांना जाऊन वर्ष झालं होतं.

"माय, जुन्या डब्यात खरखर असतेच," शेषराव म्हणाला, आणि शेजारी म्हणून मला पंच नेमलं.

दुपारच्या बातम्यांना दोन्ही रेडिओ एकाच स्टेशनवर लावले. नवा लगेच बोलू लागला. जुन्याला तापायला वेळ लागला, पण आवाज कसा भरदार. मी त्याला गुण देणार, तोच त्याच्यात बातम्यांच्या मागे कुणीतरी खोकललं. नव्यात नाही.

"खरखर," म्हणत शेषरावने जुना बंद केला. वायरही काढली. त्याचा हिरवा दिवा विझला. "आता आयका."

नव्यात बातम्या चालूच होत्या. मग त्यांच्या मागे कुणीतरी खोकललं. आवाज फारच स्वच्छ होता, हे पंच म्हणून मला मान्य करावं लागलं.

शेषरावचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. बातम्या देणारा गप्प झाला होता.

"शेषा," ट्रान्झिस्टर म्हणाला, "आवाज जरा वाढव बे. मले आयकू येऊन नाही राह्यलं."