बांधापलीकडची माती

गावानं महारवाड्याला मढी पुरायला दिलेला माळ. निपाणीच्या हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या मायाप्पा मास्तरांच्या आईसाठी तिथं खड्डा काढत होतो. गुडघाभर खोल गेलो आणि पहार ठणकन वाजली.

"फोडू काय रं?" चुलते यल्लाप्पांनी विचारलं.

"न्हाय फुटायचा, आप्पा," मास्तर म्हणाले. " बेसॉल्ट हाय. लाव्हा थिजून झालाय. खाली शेकडो फूट ह्योच."

बांधापलीकडं मालकांचं काळंभोर रान होतं. मास्तरांच्या आईनं, तानीबाईनं, जन्मभर तिथं तंबाखू खुरपली. मास्तर बांधावर गेले. मालक तिथंच उभे होते.

"मालक, तुमची काळी माती ह्याच खडकाची झीज होऊन झालीया. तुमच्या कमलाला वर्गात हेच शिकवलं मी. बांधाच्या कडंला आईपुरती जागा द्या. उथळ पुरली तर कुत्री उकरत्यात."

मालकांचे डोळे पाणावले. खोटं कशाला सांगू, खरंच पाणावले.

"लई राबली वो म्हातारी," ते म्हणाले. "पायजे तेवढी माती पाट्या भरून न्या, मास्तर. ढीग घाला तिच्यावर. पर तिला हिकडं आणू नका."