परवानगी की अडवा

"जोडणी होऊ शकली नाही," हा मजकूर पडद्यावर पुन्हा उमटला, तेव्हा धनीरामजींनी चष्मा काढून पुसला आणि खुर्ची मागे सरकवली.

लाखनीच्या समाजभवनातील वधू-वर केंद्रात दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर बसली होती. मधोमध ताट, ताटात सुपारी आणि अडकित्ता. समाजाचा रिवाज असा, की मुलामुलीच्या सिकलसेल तपासणीचे निकाल दोन्ही घरांनी पडद्यावर शेजारी-शेजारी पाहायचे आणि मगच सुपारी फोडायची. निरोगी रक्ताला पांढरी पट्टी, वाहकाला पिवळी, आजाऱ्याला लाल. दोन पिवळ्या एकत्र येऊ नयेत, होणाऱ्या लेकरांना धोका असतो, एवढेच डॉक्टरांचे सांगणे होते. धनीरामजींची अट त्याहून कडक होती. पिवळी पट्टी त्यांना चालतच नसे. भाचा प्रितमसाठी आलेले सानगडीचे स्थळ त्यांनी याच कारणाने परत पाठवले होते.

"मशीनले आजच काहून झोप लागली?" रेवताबाई म्हणाल्या. त्या प्रितमच्या आई, धनीरामजींची धाकटी बहीण.

"लाइनचा काही लफडा असन जी," मुलीचे वडील घनश्याम चाचरत म्हणाले. "कालपावेतो तं चालू होतं."

"लाइन नसती तर डोक्यावरचा पंखा फिरला असता का, घनश्यामभाऊ?" धनीरामजी म्हणाले.

भंडाऱ्याच्या तंत्रनिकेतनात धनीरामजींचे आयुष्य शिकवण्यात गेले होते. दोन गोष्टी ते प्रत्येक तुकडीला बजावत. तर्क करण्याआधी तपासा. आणि दुरुस्त केलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी स्वतः चालवून पाहा.

दालनातला संगणक केवळ दाखवण्यापुरता होता. सर्व माहिती आतल्या खोलीतल्या संगणकावर असे आणि केबलमधून बाहेर येई. आतला संगणक घनश्यामांची मुलगी रक्षा सांभाळत होती, आणि आज सुपारी तिचीच फुटायची होती. ही गोष्ट धनीरामजींनी मनात नोंदवून ठेवली.

ते आत गेले. मागोमाग रक्षाही आली.

त्यांनी केबल काढून पुन्हा बसवली. दोन्ही संगणक एकमेकांना उत्तर देत होते. डेटाबेसचा प्रोग्रॅमही सुरू होता.

"तपासणी शिबिराचे निकाल कोणी भरले?"

"मीच, मामाजी. काल."

"तुझाही?"

"हो जी."

"मग काल दिसणारी गोष्ट आज का दिसत नाही?"

रक्षाची नजर दाराकडे गेली. दाराबाहेर प्रितम पाण्याचे पेले वाटत होता.

"कागदं आहेत ना, मामाजी," ती घाईने म्हणाली. "कागदावर पाहून घ्या. मी आणून देतो."

"कागद कोणीही छापतो."

कोणत्या प्रोग्रॅमला बाहेर जोडू द्यायचे आणि कोणाला अडवायचे, हे ठरवणाऱ्या फायरवॉलची खिडकी धनीरामजींनी उघडली. प्रोग्रॅमांची यादी शांतपणे वरून खाली वाचली. डेटाबेसच्या नावापुढे शब्द होता, "अडवा". नोंद आज सकाळची होती.

"हे आपोआप होत नाही, पोरी."

"हात लागला असन माहा."

"हात लागला तर ही खिडकी आधी विचारते. मग पासवर्ड मागते. पासवर्ड कोणाकडे असतो?"

रक्षाने दाराकडे पाठ केली.

"मीच बंद केलं जी," ती हळू आवाजात म्हणाली. "उघडू नका. पाया पडतो तुमच्या."

"पाया पडून रक्त बदलत नसते."

बाहेरून घनश्यामांनी हाक दिली. "मास्तर, सापडलं का जी?"

"सापडलं. चोर घरचाच आहे." धनीरामजी दारात येऊन उभे राहिले. "सगळ्यांसमोर सांगतो. पट्टी पिवळी निघाली, तर सुपारी फुटणार नाही. मग ती कोणाचीही असो."

घनश्यामांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "कबूल जी. आमच्या पोरीची निघाली, तं आमी सोता ताट उचलतो. अन् तुमच्याकडची निघाली तं?"

"आमच्याकडे पिवळी फक्त हळद, भाऊ!" रेवताबाई हसल्या. त्यांच्याकडची मंडळीही हसली. प्रितम मात्र हसला नाही. तो आतल्या दाराकडे पाहत होता.

"तोच नियम," धनीरामजी म्हणाले. "माझा शब्द आहे."

ते परत संगणकासमोर बसले. रक्षाने वाकून पासवर्ड टाकला. धनीरामजींनी "अडवा" काढून "परवानगी" निवडले.

"बटण दाबू का जी?" बाहेरच्या संगणकापाशी बसलेल्या घनश्यामांनी विचारले.

"थांबा. आधी मी पाहतो."

त्यांनी दोन्ही नावे टाकली. पडद्यावर दोन चौकटी उघडल्या.

डावीकडे रक्षा. पट्टी पांढरी.

उजवीकडे प्रितम. पट्टी पिवळी.

धनीरामजींनी नावे पुसून पुन्हा टाकली. पट्ट्या त्याच राहिल्या. शेजारी रक्षा खाली मान घालून उभी होती. पडद्याकडे तिने एकदाही पाहिले नव्हते.

"मले चालते, मामाजी," ती म्हणाली.

बाहेर अडकित्त्याचा आवाज झाला. कोणीतरी तो उगाच उघडमीट करून पाहत होते.

"मास्तर, दाबू का?"

धनीरामजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फायरवॉलची खिडकी अजून उघडीच होती. त्यांनी यादीतले नाव शोधले, त्यापुढे "अडवा" निवडले आणि जतन केले.

"हं," ते म्हणाले. "आता दाबा."