आठ भेटी

"ही सही तुझीच ना?" प्राचार्य मॅडमनी फाईल माझ्यापुढे सरकवली.

सही माझीच होती. परीक्षा सोमवारी, आणि माझं हॉलतिकीट अडवलेलं. दुसऱ्या वर्षी मी चुकीचा विषय निवडला, म्हणून चार क्रेडिट कमी पडत होते. नियमांचं पुस्तक मी कधी उघडलंच नाही. विषयांचा फॉर्म तपासायचं काम शेजारी उभ्या असलेल्या सरांचं; तीन वर्षं तेच माझे पालक-शिक्षक. त्यांनी न बघता सही ठोकली. पण फाईल सांगत होती की सर मला आठ वेळा भेटले आणि दर भेटीत त्यांनी विषय समजावून दिले; म्हणजे चूक माझीच.

"मॅडम, एकही भेट झाली नाही!" मी ओरडलेच. "तपासणीची कमिटी येणार म्हणून अख्ख्या वर्गानं एका तासात आठ-आठ सह्या केल्या. सर, सांगा ना! माझं वर्ष जातंय हो!"

सरांनी घाम पुसला. "खरंय तिचं. मजकूर मीच सांगितला होता."

"त्याच फायलीवर कॉलेजला दर्जा मिळालाय," मॅडमचा आवाजसुद्धा चढला नाही. "आता ती खोटी म्हणता? निघा दोघंही."

आम्ही व्हरांड्यात आलो. सरांनी खिशातून पेन काढलं, भिंतीवर कागद टेकवला.

"चूक माझी, असं विद्यापीठाला लिहून देतो. नोकरी गेली तर गेली. आत्ताच जाऊ."

मला रडू फुटलं.

पहिल्या ओळीवरच सर थांबले आणि माझ्याकडे वळले.

"बाळा, नाव काय तुझं?"