कोवळं पान

रायपूर छत्तीसगडची राजधानी काय झालं, गल्लीपासून शाळेपर्यंत सगळीकडे हिंदीच झाली आणि तिथं वाढणारी नानांची नात पिंकी मराठी बोलायची विसरली. तिला समजे सगळं, पण उत्तर हिंदीतच. नाना हिरमुसत.

पानांवर संशोधन करणाऱ्या देवश्री सूनबाईंनी कुंडीतलं रोप दाखवलं. "पान घडवणारी जनुकं बियाण्यातच असतात, नाना. वेळ आली की जागी होतात."

"मंग हिच्यातली मराठी कधी जागी होईन?" नानांनी अंगणात खेळणाऱ्या पिंकीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात फाटकातून बकरी घुसली आणि रोपाला भिडली. पिंकी चप्पल घेऊन धावली, हुबेहूब नानांसारखी ओरडली, "काहून खाऊन राहिली वं माह्या आईचं झाड? हट, भवाने!"

बकरी पळाली, पण रोपाचा नुसता दांडा उरला. देवश्रीनं कपाळाला हात लावला. नाना मात्र टाळ्या पिटत होते.

"रोप जाऊ दे सूनबाई, आपल्या घरात पान फुटलं!"