दाब आणि धरून ठेव

लिलावात घेतलेल्या मिलिटरीच्या जुन्या जीपला खंडूने नवा मास्टर सिलिंडर बसवला, पण ब्रेकचं पेडल तळाला जायचं काही थांबेना. उद्या याच जीपमधून खेडचा घाट उतरून बायकोला आणि सव्वा महिन्याच्या लेकीला चिखलीला आणायचं होतं. दसऱ्यामुळे मदतीला कुणी मिळेना, म्हणून त्याने आईलाच सीटवर बसवलं आणि स्वतः जीपखाली शिरला.

"आये, मी दाब म्हणलं की पेडल दाबायचं, मग मी नट ढिला करून नळीतली हवा काढतो. नट आवळीस्तवर पाय उचलायचा न्हाई, न्हाईतर हवा परत आत जाती."

"व्हय रं, कळतंय मला!" छबूबाई म्हणाल्या.

सात वेळा हवा काढली, तेलाचे दोन डबे संपले, तरी पेडल लोण्यासारखं मऊच. शेवटी खंडू वैतागून बाहेर आला आणि आईच्या शेजारी उभा राहिला. "दाब बरं आता. बघू दे मला."

छबूबाईंनी पेडल जोरात दाबलं.



मग, कालच खंडेनवमीला पूजा केलेल्या पेडलला पाय लागला म्हणून झटकन पाय उचलला, वाकून त्याला नमस्कार केला आणि पुन्हा घट्ट दाबून धरलं.