शिकवलेली कुत्री

लकवा मारल्यापासून अमडापूरचे उकंडराव कोणाकडे बघायलाही तयार नव्हते, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रसेनजित आपली शिकवलेली कुत्री घेऊन चिखलीहून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे येऊ लागला. पहिल्याच खेपेला बिजली सरळ पलंगावर चढून त्यांना बिलगली आणि म्हातारा सहा महिन्यांनी हसला. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, बिजलीला घरातल्या पितळी वाटीत दूध पाजलं. प्रसेनजितला मात्र आडनाव विचारून झाल्यावर बाहेर ओट्यावर कागदी कपात चहा मिळाला.

आज महिन्यानं तो पुन्हा आला, तर शालूबाई दारातच आडव्या उभ्या. "कुत्रीले जाऊ दे आत. तू बस तिकडं ओट्यावर."

प्रसेनजित हात पाठीमागे बांधून उभा राहिला. बिजली उंबरठ्यापाशी बसली ती बसलीच. शालूबाईंनी चुचकारलं, पोळी दाखवली, दुधाची वाटी पुढे सरकवली, पण कुत्री ढिम्म हलेना. आतून उकंडराव चांगला हात पलंगावर आपटू लागले.

"काय रोग आला रे इले आज?"

"मले काय मालूम, काकू? मी आत गेलो त ते बी येईन."

शालूबाईंनी दातओठ खाल्ले, देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि अंग चोरून बाजूला सरकल्या. "ये मंग. मर आत!"



उंबरठा ओलांडल्यावरच प्रसेनजितनं पाठीमागे आवळलेली मूठ सोडली; मूठ सुटेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढी एकच गोष्ट तो महिनाभर बिजलीला शिकवत होता.